कुंपण किती उंच आणि कोणाच्या शेताला?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे आयातशुल्क आणि मुक्त व्यापार करार या विषयावरची आहेत. सर्वांना उत्तरे देणे शक्य नसल्यामुळे काही प्रश्न निवडले आहेत. त्यांतले पहिले दोन मुद्दाम एकत्र घेतले, कारण ते एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी आलेले असले तरी त्यांचे उत्तर एकच आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढले, तेव्हा आता सोयाबीनला भाव मिळणार असे आम्हाला सांगण्यात आले. मोंढ्यात मात्र हमीभावसुद्धा पदरात पडला नाही. मग हे शुल्क कोणासाठी होते? (एक शेतकरी, लातूर जिल्हा)

ऐन गणेशोत्सवात सरकारने तेल महाग केले. शेतकऱ्याला आधार द्यायचा तर तो आमच्या फोडणीतूनच का? (एक गृहिणी, डोंबिवली)

१४ सप्टेंबर २०२४ पासून कच्चे पामतेल, सोयातेल आणि सूर्यफूल तेल यांवरील एकूण आयातशुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के झाले आणि शुद्ध केलेल्या तेलावरील शुल्क पावणेचौदावरून पावणेछत्तीस टक्क्यांवर गेले. भारत वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आणतो, म्हणजे आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक. एवढ्या मोठ्या आयातीवर शुल्क बसले की दुकानातला डबा महागणारच, आणि केवळ आयात केलेला नव्हे तर देशात गाळलेल्या तेलाचाही, कारण बाजारात दोघांचा भाव एकाच पातळीला येतो. डोंबिवलीच्या वाचक भगिनींची तक्रार म्हणूनच खरी आहे. आयातशुल्क परदेशी व्यापारी भरतो असा एक गोड समज आपल्याकडेही आहे आणि अमेरिकेतही आहे. प्रत्यक्षात ते आयातदार भरतो आणि त्यातले जेवढे जमेल तेवढे गिऱ्हाइकावर ढकलतो.

आता लातूरकडे वळू. एक क्विंटल सोयाबीन गाळले तर त्यातून जेमतेम अठरा किलो तेल निघते आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड मिळते. तेलावर शुल्क बसल्याने त्या अठरा किलोंचा भाव वाढला, परंतु त्याच हंगामात पेंडीचा भाव पडलेला होता. जगात सोयाबीनचे पीक भरपूर होते आणि देशात इथेनॉलचे कारखाने मका व तांदूळ वापरू लागल्यामुळे त्यांतून उरणारा प्रथिनयुक्त चोथा कोंबडीखाद्यात पेंडीपेक्षा स्वस्तात मिळू लागला होता. म्हणजे एका हाताने दिलेला आधार दुसऱ्या धोरणाने काढून घेतला आणि ही दोन्ही धोरणे दिल्लीतच ठरलेली होती. हमीभाव ४,८९२ रुपये होता, तर आपल्याकडच्या अनेक बाजार समित्यांत सोयाबीन चार हजार ते साडेचार हजारांच्या दरम्यान विकले गेले. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा बारा टक्के होती. ती नोव्हेंबरमध्ये पंधरा टक्के झाली, पण ज्याला दिवाळीपूर्वी पैसा हवा होता त्याने तोवर माल आडतीवर घालून टाकला होता.

मग लाभ झाला कोणाला? काही प्रमाणात देशातल्या तेलशुद्धीकरण उद्योगाला झाला आणि ३० मे २०२५ रोजी तो आणखी स्पष्ट झाला. त्या दिवशी कच्च्या तेलावरचे शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणले गेले. शुद्ध तेलावरचे मात्र पावणेछत्तीसच राहिले. कारखानदाराचे कच्चे तेल स्वस्त झाले, त्याच्या तयार मालाला संरक्षण कायम राहिले आणि शेतकऱ्याचे संरक्षण नवा हंगाम पेरण्याच्या तोंडावर पातळ झाले. कारखाने देशात चालावेत हे उद्दिष्ट गैर आहे असे मी म्हणणार नाही, परंतु मग ते शेतकऱ्याच्या नावाने सांगू नये.

या प्रश्नाची मुळे जुनी आहेत. १९८६ मध्ये तेलबियांसाठी राष्ट्रीय अभियान सुरू झाले, आयातीवर बंधने होती आणि तेलबियांचे उत्पादन दहा वर्षांच्या आत एक कोटी टनांच्या आसपासवरून दोन कोटी टनांच्या पुढे गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामोलिनची आयात पासष्ट टक्के शुल्कावर खुली झाली आणि १९९८ पर्यंत ते शुल्क पंधरा टक्क्यांवर उतरले. जागतिक व्यापार संघटनेने आपल्याला तसे करायला भाग पाडले, असे आजही भाषणांतून ऐकायला मिळते. ते बरोबर नाही. पामतेलावर आपण मान्य केलेली कमाल मर्यादा तीनशे टक्के आहे. सोयातेलावर मात्र ती पंचेचाळीस टक्के आहे. पामतेलाचे दार आपणच उघडले होते आणि ते किती उघडे ठेवायचे हेही बऱ्याच अंशी आपल्याच हाती होते.

मला खटकते ती शुल्काची पातळी नव्हे, तर त्याची धरसोड. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेले तेव्हा कुक्कुटपालकांच्या मागणीवरून बारा लाख टन जनुकसुधारित सोयापेंड आयात करण्यास परवानगी मिळाली आणि नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव कोसळला. कांद्याची कथा तर लासलगावच्या शाळकरी मुलालाही पाठ असेल: ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये संपूर्ण निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि चाळीस टक्के शुल्क, सप्टेंबरमध्ये किमान मूल्य रद्द व शुल्क वीस टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. भाव पडतात तेव्हा शेतकऱ्याला बाजाराचे नियम सांगायचे आणि चढतात तेव्हा त्याच बाजाराचे दार लावून घ्यायचे, याला संरक्षण म्हणता येत नाही आणि मुक्त व्यापारही म्हणता येत नाही. गृहिणीला महागाईपासून वाचवायचे असेल तर रेशनवर तेल देता येते आणि त्याचा खर्च अर्थसंकल्पात दिसतो. निर्यातबंदीचा खर्च मात्र कांदा उत्पादकाच्या चाळीत मुकाट सडत राहतो.

आम्ही इचलकरंजीत यंत्रमाग चालवतो. बांगलादेशातून बिनशुल्क कपडे येतात आणि आमचे माग बंद पडतात. असले करार रद्द का करत नाहीत? (एक यंत्रमागधारक)

बांगलादेश हा अल्पविकसित देश गणला जात असल्यामुळे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली त्याच्या तयार कपड्यांना २०११ च्या अखेरीपासून आपल्याकडे शुल्क जवळजवळ नाही. तुमची खरी अडचण मात्र बांगलादेशी शिलाईपेक्षा त्या कपड्याच्या कापडात आहे. ते कापड पुष्कळदा चीनमध्ये विणलेले असते. तेच कापड थेट भारतात आले तर त्यावर शुल्क लागते. चितगावमार्गे शर्ट होऊन आले तर लागत नाही. करारात यासाठी मूळस्थानाचे नियम असतात. मालाच्या किमतीत त्या देशाची किती भर पडली पाहिजे हे ते नियम ठरवतात आणि तसा दाखला मालासोबत यावा लागतो. भारताने सप्टेंबर २०२० पासून या दाखल्यांची छाननी कडक केली असून शंका आल्यास आयातदाराकडून पुरावा मागता येतो. मे २०२५ मध्ये बांगलादेशी तयार कपडे जमिनीवरील सीमाचौक्यांतून आणण्यास मनाई झाली आणि ते केवळ न्हावा शेवा व कोलकाता बंदरांतूनच यावेत असे ठरले. त्यामागे व्यापारापेक्षा राजकारण अधिक होते हे उघड आहे, पण वाहतूकखर्च वाढून तुमच्या मालाला थोडी उसंत मिळाली असेल.

तरीही, करार मोडल्याने माग चालू होतील असे मला वाटत नाही, कारण तुमच्या मागांवरचा एक भार घरचाच आहे. २०२३ मध्ये पॉलिस्टर सुतावर गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला. परदेशी कारखान्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले, ते वेळेवर मिळेना आणि बाहेरचे सूत आटले. देशातल्या मोजक्या सूत उत्पादकांना हे संरक्षण लाभले. यंत्रमागधारकाला मात्र तोच आदेश कर होऊन बसला. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा आदेश मागे घेण्यात आला. शुल्काचा आकडा निदान गॅझेटमध्ये वाचता तरी येतो, प्रमाणपत्राच्या आड उभी केलेली भिंत मात्र अनेकदा माल अडकल्यावरच कळते.

कापसातही हीच ओढाताण आहे. फेब्रुवारी २०२१ पासून आयात कापसावर अकरा टक्के शुल्क होते. अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के शुल्क लावण्याच्या सुमारास, म्हणजे १९ ऑगस्ट २०२५ पासून, ते माफ झाले आणि माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. गिरण्यांना आणि कपडे निर्यातदारांना स्वस्त कापूस हवा होता हे समजण्यासारखे आहे. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा यवतमाळ-अकोल्याचा कापूस बाजारात येण्याचा काळ असतो. सूतगिरणीला दिलेली सवलत तिथल्या शेतकऱ्याच्या भावातून गेली. तुमचा आणि त्याचा हितसंबंध एकाच धाग्याच्या दोन टोकांना बांधलेला आहे, आणि म्हणून "देशी उद्योगाला संरक्षण द्या" या घोषणेवर तुम्हा दोघांची सही एकाच वेळी होणे कठीण आहे.

आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा असून विषय आहे "विकसनशील देशांसाठी संरक्षणवादच योग्य". मला अनुकूल बाजू मांडायची आहे. इतिहासातून काय घ्यावे? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

तुम्हाला इतिहासासाठी फार दूर जावे लागणार नाही. मुंबईच्या गिरण्यांपासून सुरुवात करता येईल. परंतु त्याआधी एक पाऊल मागे जा. इंग्लंडने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून भारतीय छिटांवर आपल्या देशात बंदी घातली, तिच्या आडोशाने आपला कापडउद्योग वाढवला आणि तो जगात अजिंक्य झाल्यावर मुक्त व्यापाराचा पुरस्कार सुरू केला. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी स्वतःच्या कार्यकारी मंडळातील बहुमत डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरील शुल्क काढले आणि १८८२ मध्ये मीठ-मद्यासारखे अपवाद सोडून जवळजवळ सर्व आयातशुल्के रद्द झाली. पुढे सरकारी तिजोरीला पैशांची गरज पडली म्हणून १८९४ मध्ये शुल्क पुन्हा आले, तेव्हा मँचेस्टरच्या कापडगिरणी मालकांनी आरडाओरड केली. १८९६ मध्ये तडजोड निघाली ती अशी: विलायती कापडावर साडेतीन टक्के आयातशुल्क, आणि मुंबईच्या गिरणीत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के उत्पादनशुल्क, म्हणजे देशी गिरणीला चुकूनही फायदा व्हायला नको. हे उत्पादनशुल्क डिसेंबर १९२५ मध्ये स्थगित होऊन पुढच्या वर्षी रद्द झाले. मुक्त व्यापाराचे तत्त्व बलवानाच्या हातात कसे वाकते याचा याहून चांगला पुरावा तुम्हाला मिळणार नाही.

या अन्यायाविरुद्ध विचारपूर्वक युक्तिवाद करणाऱ्यांत मराठी माणसे आघाडीवर होती, हेही सांगा. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७७ मध्येच भारतीय दृष्टिकोनातून संरक्षणाची बाजू मांडली होती, आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात असा मुद्दा मांडला की इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे सिद्धांत भारताला जसेच्या तसे लागू होत नाहीत. रानडे शुल्कापुरते थांबले नाहीत, हे मात्र विसरू नका. सरकारने भांडवल, पतपुरवठा आणि तांत्रिक ज्ञान या मार्गांनी उद्योग उभे करावेत यावर त्यांचा भर अधिक होता.

यशस्वी संरक्षणाचे उदाहरण म्हणून साखर घ्या. जावाच्या स्वस्त साखरेपुढे आपले कारखाने टिकत नव्हते. १९३२ च्या कायद्याने त्यांना पंधरा वर्षांसाठी संरक्षण मिळाले आणि तीसेक असलेले कारखाने पाच वर्षांत शंभराच्या पुढे गेले. माळीनगरचा कारखाना त्याच दशकातला. १९५० साली हे संरक्षण काढून घेतले गेले, तोवर उद्योग स्वतःच्या पायांवर उभा राहिला होता आणि आपल्याकडची सहकारी साखर कारखानदारी त्याच जमिनीत रुजली.

आता प्रतिस्पर्धी काय म्हणतील तेही ऐका. ते तुम्हाला १९९१ पूर्वीची दशके दाखवतील, जेव्हा काही वस्तूंवरचे शुल्क तीनशे टक्क्यांहून अधिक होते, आणि स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मुलीच्या लग्नात जावयाला स्कूटर द्यायची म्हणून मुलगी मॅट्रिकला असतानाच नाव नोंदवणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. साखरेला मिळालेल्या संरक्षणाला मुदत होती, या संरक्षणाला नव्हती, आणि ज्या कारखान्याला गिऱ्हाईक गमावण्याची भीती नाही तो माल सुधारत नाही. प्रतिस्पर्धी तुम्हाला १९३० च्या अमेरिकेचाही दाखला देतील. तिथे १,०२८ अर्थतज्ज्ञांनी विरोधाचे निवेदन देऊनही शुल्कवाढीचा कायदा संमत झाला, इतर देशांनी उलट शुल्के लावली आणि महामंदी अधिक खोल गेली. यावर तुमचे उत्तर दक्षिण कोरिया असू शकेल. त्या देशाने साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या उद्योगांना संरक्षण दिले, पण मोबदल्यात निर्यातीची लक्ष्ये घालून दिली. माझ्या मते विषयाच्या शब्दरचनेतला "संरक्षणवादच" मधला "च" तुम्हाला अडचणीत आणणारा आहे. तो हलकेच बाजूला सारून "मुदतीचे आणि अटींचे संरक्षण" असा अर्थ पहिल्याच मिनिटात लावून घ्या, म्हणजे स्कूटरच्या रांगेतून सुटका होईल.

ब्रिटनशी झालेल्या करारामुळे तिकडे नोकरीला जाणे सोपे होईल का? (एक संगणक अभियंता, पुणे)

नाही. २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या या करारासोबत सामाजिक सुरक्षेविषयी जी व्यवस्था ठरली, तिच्यानुसार कंपनीने तात्पुरते पाठवलेल्या कर्मचाऱ्याला व त्याच्या कंपनीला ठरावीक मुदतीपर्यंत तिकडची वर्गणी भरावी लागणार नाही. त्यामुळे कंपनीचा खर्च वाचेल. व्हिसाचे दार मात्र त्यामुळे रुंद होत नाही.

आम्ही संगमनेर भागात दूध घालतो. परदेशी दूध भुकटी येऊ द्यायची नाही यावर सगळे पक्ष एकमत आहेत, तरी आमचा दर का पडतो? (एक दूध उत्पादक)

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने आशिया-पॅसिफिकच्या प्रादेशिक व्यापार कराराबाहेर राहण्याचा निर्णय घेतला, त्यामागे न्यूझीलंडच्या दुधाची धास्ती हे एक मोठे कारण होते. ती धास्ती अनाठायी नव्हती. तो देश आपले बहुतेक दुग्धोत्पादन निर्यातीसाठीच करतो, आणि आपल्याकडे दूध म्हणजे दोन-तीन जनावरांवर चालणारे लाखो संसार आहेत. दुधाला करारांतून वगळण्याच्या भूमिकेला माझा पाठिंबा आहे. ब्रिटनच्या करारातही ते वगळलेच गेले. दुसरे कारण चिनी मालाचे होते, आणि तिथे मात्र बाहेर राहून काही साधले असे आकडे सांगत नाहीत. २०१९-२० मध्ये चीनशी आपली व्यापारतूट सुमारे ४९ अब्ज डॉलर होती, ती २०२४-२५ मध्ये ९९ अब्जांवर पोहोचली. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, यंत्रे आणि औषधांचा कच्चा माल देशात पुरेसा बनत नसेल तर तो करार असो वा नसो येतच राहणार.

तुमचा दर पडण्याची कारणे बरीचशी देशांतर्गत आहेत. दूध जास्त झाले की संघ त्याची भुकटी करतात, भुकटीचे जागतिक भाव उतरलेले असले की ती निर्यात होत नाही, साठा गोदामात पडून राहतो आणि पुढच्या महिन्यात तुमच्या डेअरीवरचा दर खाली येतो. भुकटीवरचे साठ टक्के आयातशुल्क या साखळीत काहीच मदत करत नाही. त्यातही जून २०२४ मध्ये, राज्यात गाईच्या दुधाच्या दरासाठी आंदोलने पेटत असताना, दहा हजार टन भुकटी केवळ पंधरा टक्के शुल्काने आणण्याची मुभा केंद्राने दिली. दहा हजार टन म्हणजे देशाच्या दुधात थेंबच, पण भाव ठरवणाऱ्या व्यापाऱ्याला तेवढी बातमी पुरते.

करार झाल्यावर युरोप-इंग्लंडमध्ये आमच्या द्राक्षांना जास्त दर मिळेल का? (एक बागाईतदार, निफाड तालुका)

शुल्क कमी झाले तर चिली, पेरू आणि दक्षिण आफ्रिका यांच्याशी स्पर्धा करणे सोपे जाईल, कारण त्यांच्याकडे युरोपशी करार आधीपासून आहेत. पण २०१० चा हंगाम तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी युरोपला शुल्काची नव्हे, तर वाढरोधक म्हणून वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाटच्या अंशाची अडचण होती, आणि कंटेनर रॉटरडॅमला पोहोचल्यावर द्राक्षे नाकारली गेली. बागाईतदार कर्जात गेले. हापूसचेही तसेच झाले: फळमाशी सापडल्यामुळे १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली आणि ती पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला उठली. अमेरिकेने २००७ मध्ये आपल्या आंब्याला दार उघडले ते विकिरण प्रक्रियेच्या अटीवर, आणि त्यासाठी कामी आले ते तुमच्या शेजारच्या लासलगावचे केंद्र, जे मुळात कांद्यासाठी उभारलेले होते.

तेव्हा कराराचा मसुदा वाचताना शुल्काच्या तक्त्याइतकेच लक्ष आरोग्य व वनस्पती-स्वच्छतेच्या प्रकरणाकडे द्या. फळात फवारणीच्या औषधाचा किती अंश चालतो ती मर्यादा बदलण्याआधी किती दिवस सूचना देणे बंधनकारक आहे, आपल्याकडच्या प्रयोगशाळेचा अहवाल तिकडे ग्राह्य धरला जाईल की नाही, आणि माल बंदरात अडकल्यास दाद कोणाकडे मागायची, हे त्यात लिहिलेले असते किंवा सोयीस्करपणे लिहिलेले नसते. तुमच्या बागाईतदार संघाने हे प्रकरण एखाद्या जाणकाराकडून मराठीत करून घ्यावे आणि ऑक्टोबरच्या छाटणीआधी सभासदांपर्यंत पोहोचवावे. फवारणीचे वेळापत्रक तेव्हाच ठरत असते.